पक्का: आपला शब्द, इंग्रजांचं विशेषण आणि तुमचं बिल



इंग्रजीत एक विशेषण आहे, स्पेलिंग पी-यू-के-के-ए. बरेच जण ते 'पुक्का' असं वाचतात. उच्चार मात्र 'पक्का'. हो, आपलाच पक्का!

शब्द आला कुठून?

संस्कृतात 'पच्' म्हणजे शिजवणे. त्यावरून पक्व, म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. पक्वान्न आणि परिपक्व हे त्याच घरातले शब्द. पक्का हाही तिथूनच आला. कंपनीच्या काळात इंग्रजांनी तो हिंदुस्थानीतून उचलला. इथल्या बाजारात शेरसुद्धा कच्चा आणि पक्का असे दोन असायचे, म्हणून व्यवहार करायचा तर हा शब्द लागायचाच. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याची नोंद आहे.

वापर कसा होतो?

ब्रिटनमध्ये अर्थ दोन: अस्सल, भरवशाचा, आणि बोलताना 'एकदम झकास'. शेफ जेमी ऑलिव्हरच्या तोंडी तो टीव्हीवर गाजला. 1963 साली सुरू झालेल्या तिथल्या एका कंपनीचं नावच 'पक्का पाईज' आहे. म्हणजे आपला शब्द तिकडे ब्रँड झाला!

आता आपल्या दुकानाकडे या.

खामगावात चांदी घ्या नाहीतर चिखलीत मोटरपंप, गिऱ्हाईक विचारतंच, "भाऊ, पक्कं बिल देता ना?" त्याला कागद नको असतो, भरवसा हवा असतो. उद्या वस्तू बिघडली तर त्याच्या हातात तेवढंच असतं.

काही जण म्हणतात, "माझा जीएसटी नंबर नाही, मग बिल कसं देऊ?" फक्त माल विकणाऱ्या दुकानाला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी सक्तीची नाही (परराज्यात माल विकत असाल तर आधी सल्ला घ्या). नोंदणी नसेल तर जीएसटी लावायचा नाही, पण बिल द्यायचं. त्यावर दुकानाचं नाव, बिल नंबर, तारीख, वस्तू, नग आणि रक्कम लिहा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे.

फायदा तुमचाही आहे. कर्ज मागायला गेलात की बँक विक्रीचा पुरावा मागते. चिठ्ठीवर केलेला धंदा कितीही मोठा असो, बँकेला तो दिसत नाही.

आजचा गृहपाठ: नंबर छापलेलं बिलबुक आणा. उद्या सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकापासून प्रत्येक विक्रीचं बिल फाडा आणि रात्री रोजमेळाशी जुळवा. जुळलं, की हिशोब पक्का!