सायकल, नाडी आणि परवडणारे यंत्र

कुंभार पिंपळगावहून घनसावंगीच्या रस्त्याला सायकलचा सराव करणारी आपली मुले हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राची चौकशी करतात. मजुरीच्या पैशातून ते घ्यावे का, आणि घेतलेच तर कोणते?

छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युतसंदेश टिपतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने असे बिनतारी यंत्र १९८२ साली आणले. मनगटी पट्टा मात्र त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील चढउतार पाहतो. खडबडीत रस्त्यावर हँडलचे हादरे बसले, मनगट वाकले, की त्याचा आकडा चुकतो. म्हणून सायकलसाठी छातीचा पट्टाच बरा. मोबाईलला ब्लूटूथने जोडता येणारा साधा पट्टा पुरतो. महागडे घड्याळ लागत नाही. सेल घरी बदलता यावा. बांधताना आतील बाजू पाण्याने ओली करावी, कोरडा पट्टा भलतेच आकडे दाखवतो.

यंत्राची परीक्षाही घ्यावी. स्वस्थ बसून मनगटावर दोन बोटे ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. १८ भरले तर ७२. यंत्र ९५ म्हणत असेल तर दुकानदाराला परत करा. कालाम सुत्त जाहिरातीलाही लागू आहे!

२२० मधून वय वजा केले की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. विसाव्या वर्षी २००. साध्या सरावात त्याचे ६० ते ७० टक्के, म्हणजे १२० ते १४०. माणसागणिक यात फरक पडतो. छातीत दुखले वा चक्कर आली तर आकडा न पाहता थांबावे, डॉक्टरांना दाखवावे.

पैसे नसतील त्याने सेकंदकाट्याचे घड्याळ वापरावे. सरावाच्या पहिल्या वर्षी तेवढ्यावर भागते.