शरीरातील चाळणी

मुलांनो, एप्रिल-मे महिन्यांतील सोलापूरचे ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. पारा ४० अंशांच्या वर जातो. अंगातून घाम निथळतो. अशा दिवसांत लघवी कमी होते आणि तिचा रंग गडद पिवळा होतो. असे का होत असेल?

याचे उत्तर आपल्या पोटात आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. उर्दूत आपण त्यांना ‘गुर्दे’ म्हणतो.

घरी ज्वारी चाळताना तुम्ही पाहिले असेल. चाळणीतून माती खाली पडते. पण तिच्याबरोबर काही बारीक दाणेही पडतात. आई ते दाणे वेचून परत घेते. चाळणीत राहिलेले खडे ती हाताने उचलून कचऱ्यात टाकते. मूत्रपिंडेही अशीच तीन कामे करतात.

पहिले काम गाळण्याचे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म नळ्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नळीच्या टोकाशी अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो. हीच चाळणी. रक्तपेशी रक्तातच राहतात. पाणी, साखर, क्षार आणि युरिया नळीत उतरतात. दिवसभरात असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो! तो सगळा बाहेर गेला, तर अर्ध्या तासातच रक्तातील पातळ भाग संपून जाईल.

म्हणून दुसरे काम वेचण्याचे. निरोगी माणसाच्या शरीरात जवळजवळ सर्व साखर आणि ९९ टक्के पाणी नळीतून रक्तात परत जाते. याला पुनःशोषण म्हणतात.

तिसरे काम खडे उचलण्याचे. रक्तात उरलेले जादा आम्ल, पोटॅशियम व काही औषधे नळीच्या पेशी उचलून नळीत टाकतात. याला स्रवण म्हणतात. पेनिसिलिन असेच झपाट्याने बाहेर पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे औषध इतके दुर्मीळ होते, की ते रुग्णांच्या लघवीतून पुन्हा मिळवीत असत!

शेवटी सुमारे दीड लिटर मूत्र उरते. घामामुळे शरीरातील पाणी घटले, की मेंदूकडून एक संप्रेरक रक्तात येते. मग नळ्या आणखी पाणी परत घेतात. म्हणून लघवी थोडी व गडद होते.

पण लक्षात ठेवा, मूत्रपिंडे पाणी वाचवतात. निर्माण करीत नाहीत. वारंवार पाणी कमी पडले, तर घट्ट मूत्रात क्षारांचे खडे बनू शकतात. यालाच मुतखडा म्हणतात. वर्गातून उठावे लागेल, या संकोचाने काही मुले-मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. तुम्ही तसे करू नका. तहान लागली की पाणी प्या. लघवी दाबून ठेवू नका. बाईंना किंवा सरांना निःसंकोच सांगा. त्यात लाज कसली?

स्वाध्याय

१. आई खाली पडलेले दाणे वेचते, तसे मूत्रपिंडे काय करतात?
२. उन्हाळ्यात लघवीचा रंग गडद का होतो?
३. ‘पाणी वाचवणे’ आणि ‘पाणी निर्माण करणे’ यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.