डिकी पाहून झाली, आता बॉनेट उघडा

रविवारी सकाळी दिल्ली, गुडगाव, नोएडाहून पोरं मुरथलला निघतात. पराठे हे निमित्त. राष्ट्रीय महामार्ग 44 वरच्या ढाब्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या लागतात, डिक्या उघडतात आणि आतला संसार दिसू लागतो. मखमलीनं मढवलेला बॉक्स, बारा इंची सबवूफर, अ‍ॅक्रिलिकखाली निळ्या दिव्यात चमकणारे अ‍ॅम्प्लिफायर. मालक सांगतो, ‘पाँच हज़ार वॉट है, भाई साहब.’ मग पंजाबी गाणं लागतं आणि शेजारच्या गाडीची नंबरप्लेट थरथरू लागते.

मला हा प्रकार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. सांगलीकडच्या मिरवणुकांत डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचत वाढलेल्या माणसानं बेसला नावं ठेवू नयेत. पण आता डिकीचं कौतुक करून झालं की मी मालकाला विचारतो, बॉनेट उघडून दाखवता का? बरेच जण हसतात. तिथं बघण्यासारखं काय आहे, असं त्यांना खरोखरच वाटतं.

माझ्या गाडीतलं कामही दिसायला देखणंच होतं. दुकानाचं नाव घेत नाही. जूनमधल्या दुपारी धौला कुआंच्या गर्दीत स्टिअरिंगखालून जळक्या रबराचा वास आला, पाठोपाठ धूर. किल्ली फिरवली. गाणं थांबलं, धूर थांबेना. थांबणार कसा? अ‍ॅम्प्लिफायरची मुख्य वायर थेट बॅटरीवरून येते, किल्लीशी तिचा संबंध नसतो. शेजारी अडकलेल्या ऑटोवाल्यानं सीटखालून दहाचा पाना काढला आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं, तेव्हा धूर आटोक्यात आला. असा पाना हाताशी ठेवा. टूलकिटच्या तळाशी नको, दरवाज्याच्या कप्प्यात.

दुसऱ्या मिस्त्रीनं सगळं उकलून दाखवलं. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून वायर नुसतीच ओढली होती, भोकाला रबरी ग्रोमेट नव्हता. हादऱ्या-हादऱ्यानं पत्र्याची धार इन्सुलेशनमध्ये उतरत गेली. आणि फ्यूज? होता की. डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरशेजारी, निळ्या दिव्यात, लोकांना दिसेल असा. टाकीजवळ कॉकच बसवायचा नाही आणि शेवटच्या नळाला मात्र पितळी तोटी लावायची, तसलं काम. हा फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. बॉनेट उघडायला सांगतो ते एवढ्यासाठी.

आता ते पाच हजार वॉट. हिशेब सोपा आहे. चांगला क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर साधारण 80 टक्के कार्यक्षम असतो. सलग हजार वॉट द्यायचे तर तो 1,250 वॉट ओढणार, म्हणजे 13.8 व्होल्टला 90 अँपिअर. लहान गाडीचा अल्टरनेटरच मुळात 70 ते 90 अँपिअरचा, आणि त्यातून हेडलाइट, पंखे, एसीचा क्लच हे सगळं चालायचं. पाच हजार वॉट खरे असते, तर साडेचारशे अँपिअर लागले असते. खोक्यावरचा आकडा क्षणिक शिखराचा असतो, विचारायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणारा. शिवाय पॉवर दुप्पट केली तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढतो. त्या पैशांत दरवाज्यांना डॅम्पिंग शीट लावून घ्या. पत्रा खडखडायचा थांबला की आहेत तेच स्पीकर वेगळे वाजतात.

करोल बागेत सामान घ्यायला गेलात, तर भाव करण्याआधी वायरचं टोक ब्लेडनं खरवडा. आतपर्यंत तांबूस दिसली तर तांबं. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. तेवढ्याच जाडीची ही वायर तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच वीज सुखानं वाहते. पाकिटावर ‘फोर गेज’ दोन्हींवर छापलेलं असतं. दुकानदार नाराज होतो, होऊ द्या.

काम चालू असताना तिथंच उभं राहा. कंपनीची वायर कापू देऊ नका, कपलरला कपलर जोडायला सांगा. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटर वॉरंटीचं नाव काढू देत नाही. अर्थिंगसाठी किंवा बॉक्स कसण्यासाठी पत्र्यात स्क्रू मारायचा असेल, तर आधी गाडीखाली वाकून बघायला लावा. मागच्या भागाखाली इंधनाची टाकी आणि नळ्या असतात. दिल्लीत त्यात सीएनजीची भर पडते. डिकीतला सिलिंडर निम्मी जागा खातो, म्हणून बॉक्स त्याला खेटून बसवतात आणि सिलिंडरचा बंद करायचा व्हॉल्व्हच झाकला जातो. तो हाताला सहज लागला पाहिजे. तडजोड म्हणून लहान सबवूफर घ्या.

कायद्याचं थोडक्यात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल. डिकी उघडून वाजवलंत तर ती कुठल्या कुठे ओलांडली जाते. कानांचा हिशेब याहून कडक आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या मापानं 85 डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. दिल्लीहून मुरथलला पोचायला तासभर तरी लागतो.

नवी यंत्रणा विमा कंपनीला इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून कळवा, पक्कं बिल जोडा, जादा हप्ता भरा. न कळवलेल्या सामानाची भरपाई मागायला गेलात तर काय ऐकायला मिळतं, ते मी सांगायला नको. आणि दिल्लीतल्या गाडीचं वय विसरू नका. डिझेलला 10 वर्षं, पेट्रोलला 15 वर्षं या मर्यादेवर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, 2025 मध्ये त्याच न्यायालयानं दिलासाही दिला. उद्याचं कोणी सांगावं? अ‍ॅम्प्लिफायर, प्रोसेसर, बॉक्स पुढच्या गाडीत नेता येतात. कापलेले दरवाजे आणि फायबरनं घडवलेली डिकी गाडीबरोबरच भंगारात जाते. म्हणून सगळं सोडवून काढता येईल असंच बसवा, आणि कंपनीचे मूळ स्पीकर खोक्यात भरून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना ते परत लावायचे असतात.