केस रंगवावे की पांढरे राहू द्यावे?



सणाच्या शुभेच्छा द्यायला इस्राएलहून एका बहात्तर वर्षांच्या भगिनीचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही नर्स होता म्हणून विचारते. तीस वर्षे केस रंगवते आहे. आता सोडू की चालू ठेवू? सोडले तर एकदम म्हातारी दिसेन, आणि चालू ठेवले तर काही अपाय तर होणार नाही ना?"

फोनवर मी थोडक्यात उत्तर दिले. पण हाच प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून येथे सविस्तर लिहिते. मी स्वतः हा प्रश्न आधी चुकीच्या रीतीने आणि घाईने सोडवला. त्याची किंमत मी दिली आहे, ती तुम्हांला द्यावी लागू नये.

माझ्यावर आलेला प्रसंग

मुंबईत नोकरी संपवून मी आणि माझे पती लेकीजवळ राहायला हॉलंडात, आम्स्टलफेनला आलो. चाळिशीपासून मी केस काळे करीत होते. नातवाच्या बार मित्झवाच्या आठवड्यात नेहमीची डबी संपली होती. भारतातून कोणीतरी आणलेली 'काळी मेहंदी'ची पुडी घरात होती. मेहंदीच ती, आपल्या लग्नात नवरीच्या हाताला लावतो तीच, असे समजून बुधवारी रात्री लावली. आयुष्यभर रोग्यांना "आधी वाचा, मग घ्या" असे सांगणाऱ्या बाईने पुडीवरची अक्षरे वाचली नाहीत.

गुरुवारी डोके खाजू लागले. शुक्रवारी सकाळी कान लाल झाले, कपाळावर पाणी धरले आणि पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. शब्बाथच्या सकाळी नातू सेफेर तोरासमोर उभा राहिला तेव्हा त्याची आजी डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून घरी पडली होती. त्याचा आवाज मी ऐकला नाही. तो दिवस पुन्हा यायचा नाही.

असे का झाले?

पक्क्या काळ्या रंगात बहुधा पॅराफेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी, किंवा त्याच्या नात्यातले एखादे रसायन असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते केसांच्या रंगात वापरले जाते, कारण त्याच्यासारखा टिकाऊ काळा रंग सहज मिळत नाही. पुष्कळांना त्याचा काही त्रास होत नाही. पण काहींच्या शरीराला ते एकदा खटकले की कायमचे खटकते. वीस-तीस वर्षे बिनतक्रार चाललेला रंगही एक दिवस उलटू शकतो. "मला कधीच काही झाले नाही" हा म्हणून पुरावा नव्हे.

खऱ्या मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो. तो पांढऱ्या केसाला नारिंगी-तांबूस करतो; काळा कधीच करीत नाही. मेहंदीवर नीळीच्या पानांची पूड लावली तर तपकिरी ते काळपट रंग येतो, पण त्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात काळेभोर करणाऱ्या 'मेहंदी'त बहुधा पीपीडी मिसळलेले असते. 'हर्बल' किंवा 'अमोनियाविरहित' या शब्दांनीही फसू नये. अमोनिया नसला म्हणजे पीपीडी नाही असे होत नाही.

युरोपात केसांच्या रंगात पीपीडीचे प्रमाण, मिसळून डोक्याला लावतेवेळी, दोन टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे, आणि ते असल्याचे वेष्टनावर छापावेच लागते. डच वेष्टनावर 'फेनिलीनडायअमीन' हा शब्द शोधा. बारीक अक्षर दिसत नसेल तर नातवाला वाचायला सांगा. आणि नातवंडांसाठीही एक गोष्ट: सहलीच्या ठिकाणी काळ्या मेहंदीचे गोंदण काढून देतात, ते मुलांना काढू देऊ नका. त्यातूनच पुढे आयुष्यभराची ॲलर्जी जडू शकते.

त्रास झाला तर काय करावे?

रंग लगेच भरपूर कोमट पाण्याने व साध्या शांपूने धुऊन टाकावा. खाज व सूज बहुधा एक ते तीन दिवसांत दिसते, म्हणून दोन दिवसांपूर्वीचा रंग डॉक्टरांना आठवणीने सांगावा. घरातले कोणाचे तरी मलम लावू नये. डॉक्टर कधी स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. मधुमेह असेल तर तो आधी सांगावा, कारण त्या गोळ्यांनी साखर वाढते. श्वास लागला, जीभ किंवा घसा सुजला, तर वाट पाहू नका. हॉलंडात ११२, इस्राएलमध्ये १०१, भारतात १०८ किंवा ११२ फिरवा.

येथे आधी घरच्या डॉक्टरकडे, म्हणजे हाउसआर्ट्सकडे जावे लागते. त्यांनी मला चिठ्ठी देऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे पॅच टेस्ट झाली: निरनिराळ्या पदार्थांचे ठिपके असलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि नंतर पुन्हा एकदा पाठ तपासतात. पीपीडीच्या जागी लाल फोड उठला होता. (हॉलंडातील वाचकांसाठी: घरच्या डॉक्टरकडे जाण्याला 'आयखन रिसिको' लागत नाही, तज्ज्ञांच्या तपासणीला लागतो. २०२५ साली ही रक्कम ३८५ युरो होती.) डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी पर्समध्ये ठेवते, कारण बधिर करण्याच्या काही मलमांशी आणि गडद कपड्यांच्या काही रंगांशीही या ॲलर्जीचे नाते असते.

कर्करोगाचे काय?

ही भीती अनेकांना असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनालयात रोज रंग हाताळण्याचे काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले आहे. घरी स्वतःचे केस रंगवण्याबद्दल मात्र पुरावा अपुरा म्हणून निर्णय दिलेला नाही. अमेरिकेतील १,१७,२०० परिचारिकांची माहिती ३६ वर्षे ठेवून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पक्का रंग वापरणाऱ्या स्त्रियांत बहुतेक कर्करोगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. थोड्या प्रकारांत किंचित वाढ दिसली. युरोपीय संघाने २००६ साली केसांच्या रंगातील २२ रसायनांवर बंदीही घातली. म्हणजे झोप उडावी असे काही नाही, आणि पूर्ण निर्धोक असल्याचा दाखलाही नाही. कमी वेळा लावावा, हातमोजे घालावेत, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये.

पांढरा केस हा आजार नव्हे

केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. वयाबरोबर त्या संपत जातात आणि नवा केस रंगाविना उगवतो. आवळा, माका, खोबरेल तेल यांनी केस मऊ राहतो; वयाने गेलेला रंग परत येत नाही. एक पांढरा केस उपटला तर दहा येतात हेही खरे नाही, पण उपटून मुळाला इजा मात्र होते.

आपल्या धर्मात तर पांढऱ्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा वायिक्राच्या १९व्या अध्यायात आहे. पुरुषांनी तरुण दिसण्यासाठी पांढरे केस काळे करण्याला शुल्हान आरूखमध्ये मनाई आहे. स्त्रियांना ती नाही. शंका असेल तर रब्बींना विचारावे.

माझी दुसरी चूक

पीपीडी बंद झाले. मी ठरवले, आता पांढरेच राहू द्यायचे. येथे सत्तरी ओलांडलेल्या बायका पांढरे केस वाऱ्यावर सोडून सायकलीवर बाजारहाट करतात, मग मला कसली लाज? केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. आठ महिन्यांनी वर आठ सेंटिमीटर पांढरे आणि खाली काळे, असे ध्यान झाले. कंटाळून एका सकाळी दुकानात जाऊन काळा भाग सगळा कापून आले.

माझ्या पतींना विस्मरणाचा आजार आहे. मी दार उघडून आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आई, ती कुठे गेली?"

ती म्हणजे मी. दिवसभर ते मला घरात शोधत राहिले. त्यांची समजूत काढता काढता रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. अशाच घरात राहणारी कोणी हे वाचत असेल, तिच्यासाठी लिहिते.

आमच्याकडे येणाऱ्या केसमॅनेजर बाईंनी समजावले की या आजारात जुन्या आठवणी सर्वांत शेवटी जातात. ते तुमचा पूर्वीचा चेहरा शोधत आहेत. वाद घालू नका, समोरून या, आधी आवाज द्या, नाव सांगा, हात धरा. पण खरा उपाय सापडला तो शुक्रवारी संध्याकाळी. मी डोक्यावर पदर घेऊन शब्बाथचे दिवे लावले. केस झाकलेले होते. हे खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि "कुठे होतीस?" म्हणाले.

तेव्हापासून घरात मी डोक्याला रुमाल बांधते. दर महिन्याला तो थोडा मागे सरकवत गेले. आता बहुतेक दिवशी ते पांढऱ्या केसांसकट मला ओळखतात. ज्या दिवशी ओळखत नाहीत त्या दिवशी रुमाल पुढे ओढते. घरात असा रोगी असेल तर एका दिवसात रूप बदलू नका, एवढेच माझे सांगणे.

मग काय ठरवावे?

१. रंगाने कधीही खाज, सूज, फोड आले असतील तर पीपीडीचा रंग पुन्हा लावू नये. घरी 'जरा चाचणी' म्हणूनही नाही. त्याच्या नात्यातल्या रंगांबद्दलही आधी डॉक्टरांना विचारावे.

२. त्रास नसेल आणि रंगवणे आवडत असेल तर खुशाल रंगवावे. प्रत्येक वेळी ४८ तास आधी कोपराच्या आत किंवा कानामागे थोडा लावून पाहावा. डोक्यावर जखम, खरूज, कोंड्याची खपली असताना लावू नये. पापण्या व भुवयांना कधीच नाही. लग्नकार्याच्या आठवड्यात नवी पुडी वापरू नये.

३. मेहंदी लावायची तर निव्वळ पानांची. जी६पीडी या घटकाची कमतरता असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच लावावी, कारण अशा व्यक्तींत मेहंदीने रक्तपेशी फुटल्याची उदाहरणे आहेत. ही कमतरता कुर्दी यहुदी घराण्यांत पुष्कळ आढळते. आपल्या मुलांची लग्ने तेथे झाली असतील तर नातवंडांबाबत हे लक्षात ठेवावे.

४. पांढरे होऊ द्यायचे तर घाई नको. केस थोडे थोडे कापावेत, किंवा दर वेळी छटा फिकी करीत न्यावी. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन-अडीच वर्षे लागतात.

५. पांढरा केस कोरडा असतो. आठवड्यातून एकदा हलके तेल, सौम्य शांपू. केस विरळ असतील तर उन्हात डोके भाजते. किप्पा सगळे डोके झाकत नाही. हॉलंडची हवामान संस्था उन्हाची तीव्रता रोज सांगते. ती ३ किंवा जास्त असेल तर रुंद काठाची टोपी घालावी.

ज्या भगिनीने फोन केला त्यांना मी हेच म्हटले: आधी कातडीला विचारा, मग घरातल्यांना, मग आरशाला. शेजारणीला विचारायची गरज नाही. त्यांना त्रास नाही आणि रंगवणे आवडते. त्या रंगवणार आहेत, मात्र ४८ तासांची चाचणी करून. मला हा निर्णय पटला.

आणि माझा नातू? त्याने आपला पराशा माझ्यासाठी एका रविवारी स्वयंपाकघरात उभा राहून पुन्हा म्हणून दाखवला.

सर्वांना १२० वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो.