लूपमधले दोन हुकूम

ड्रिलमध्ये 'लाइन तोड' ऐकू आले की काय करायचे, हे कॅडेटला समजावून सांगावे लागत नाही. संगणकाच्या तासाला मात्र हाच हुकूम चुकीच्या जागी सर्रास दिला जातो. जावास्क्रिप्टमधला 'ब्रेक' म्हणजे लाइन तोड: लूप तिथेच संपला, उरलेल्या नोंदी तपासल्याच जाणार नाहीत. 'कंटिन्यू' म्हणजे ही नोंद सोडा, पुढची घ्या. (नावावरून उलटेच वाटते, त्यामुळे नवशिक्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे.)

समजा, पालक आणि कर्मचारी मिळून 200 रक्तदात्यांची यादी आपण वेबपानावर ठेवली आहे. भिलाईतून रात्री फोन येतो: ओ निगेटिव्हचे दोन दाते हवेत. लूप पहिल्या नावापासून निघतो. रक्तगट वेगळा? कंटिन्यू. वय 18 पेक्षा कमी? कंटिन्यू. पुरुषाने गेल्या तीन महिन्यांत किंवा महिलेने चार महिन्यांत रक्त दिले आहे? कंटिन्यू. या चाळणीतून जो उरेल त्याचे नाव दाखवायचे आणि मोजणी एकने वाढवायची. मोजणी दोन झाली की ब्रेक.

आता पहिल्याच अटीत कंटिन्यूऐवजी ब्रेक लिहिला गेला, तर? यादीतले पहिले गृहस्थ बी पॉझिटिव्ह. लूप संपला. पडद्यावर 'दाता उपलब्ध नाही'. प्रोग्रॅम अडला नाही, चुकीचा संदेशही आला नाही. सातव्या क्रमांकाचे ओ निगेटिव्ह पालक कुरुदमध्येच घरी झोपले आहेत, आणि त्यांना कोणी फोनच करत नाही. म्हणून चाचणीच्या यादीत पहिले नाव मुद्दाम अपात्र माणसाचे ठेवावे आणि एक पात्र दाता अगदी शेवटी.

दुसरा सापळा 'व्हाइल' लूपचा. क्रमांक वाढवण्याची ओळ कंटिन्यूच्या खाली राहिली, तर ती कधीच चालत नाही. तेच नाव पुन्हा पुन्हा तपासले जाते आणि पान गोठते. हा झाला कदमताल: पाय हलतात, जागा सुटत नाही. 'फॉर' लूपमध्ये ही भीती नाही, कारण कंटिन्यूनंतरही क्रमांक आपोआप वाढतो.

'फॉर-इच'मध्ये तर हे दोन्ही हुकूम चालतच नाहीत; लिहिले तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. तिथे 'रिटर्न' लिहून काहीजण सुटका झाली असे मानतात, पण रिटर्न फक्त त्या एका नावापुरता थांबतो, म्हणजे कंटिन्यूचेच काम करतो. दोन दाते मिळाल्यावर खरोखर थांबायचे असेल, तर 'फॉर-ऑफ' लूप घ्यावा.