पोरगं हळू पळतंय म्हणून रागावू नका



मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेपाच. नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं आमच्या धावण्याच्या शिबिरातली पोरं पळत होती. कारखान्यांचे पट्टे पडलेले, त्यामुळं उसाच्या ट्रॉल्या नाहीत, रस्ता मोकळा. नववीतल्या एका मुलाचे वडील मोटारसायकल बाजूला लावून बघत उभे होते. पोरगं शेजारच्याशी गप्पा मारत निवांत चाललेलं. वडिलांचा पारा चढला. "सर, गप्पा मारायला धाडलंय का ह्याला? एवढं तर ते शेळ्यांमागं रोज पळतंय!"

आता त्यांना काय सांगावं? पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, हाच तर त्या सकाळचा धडा होता. दम न लागता, रोज थोडं थोडं पळत राहिलं की हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायांच्या स्नायूंत केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. हे काम महिनोन्‌महिने चालतं. रोज जीव तोडून पळवलं तर पंधरा दिवसांत नडगी दुखायला लागते आणि पोरगं घरी बसतं. जोराचं पळणं आठवड्यातून एकदोनदाच, तेही मोजून.

आपल्याकडं पळणं म्हटलं की डोळ्यांपुढं भरती उभी राहते. बारामती काय, इंदापूर काय, पहाटे रस्त्यावर दिसणारी निम्मी पोरं पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी घाम गाळत असतात. त्यांची गरज खरी आहे, पण ती विशीतली मुलं. तुमचं लेकरू चौदा-पंधराचं, अजून उंची वाढतेय. त्याच्या हातात स्टॉपवॉच देऊन 'टायमिंग काढ' म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर तुडवायचा, पण स्पर्धेतल्या धावण्याकडं वळला तो बारावीनंतर, सैन्यात गेल्यावर. पुढं 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणलं. तुमच्या पोराच्या हातात वेळ आहे, एवढ्यासाठीच हे नाव घेतलं. नाहीतर उद्या तुम्ही त्याला साबळेच करायला निघाल!

बुटांचा विषय निघाला की हमखास एक पालक म्हणतात, "आपल्या बारामतीच्या लता करे नऊवारीत, अनवाणी पळून शर्यत जिंकल्या, ह्यांना कशाला बूट?" मला हे ऐकवत नाही. 2013 साली त्या माउली पळाल्या त्या नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून. साठी ओलांडलेल्या बाईला पळून औषधपाण्याचा खर्च उभा करावा लागला, तो दाखला देऊन आपण लेकराचे बूट वाचवायचे? महागडे नकोत. मापाचे, टाच घट्ट बसणारे, तळ न झिजलेले घ्या. नवे असतील तर शिबिराआधी आठवडाभर घालून चालू द्या.

उन्हाचं जरा सविस्तर बोलतो, कारण इथं चूक परवडत नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी गाठतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात आम्ही मुद्दाम थोडंच पळवतो. शिबिर निवडताना विचारा: सराव किती वाजता संपतो? पाणी मध्ये देता का? 'पाणी पिऊ नका, सवय होईल' असं कुणी म्हणालं तर पोराला तिथूनच माघारी आणा. पळताना पोरगं अडखळायला, असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत घेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतायचं आणि दवाखाना गाठायचा. वाट बघायची नाही. आणि पावडरी, इंजेक्शनं विकणारा 'ओळखीचा' कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत लावा. भाकरी, उसळ, अंडी, दूध, गूळ-शेंगदाणे भरपूर झाले.

मुलींच्या आयांशी एक खासगीतलं बोलायचंय. पळायला लागल्यावर लेकीची पाळी लांबली किंवा थांबली, तर 'पळणाऱ्या मुलींचं असंच असतं' म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं. सारखी थकत असेल तर रक्त तपासून घ्या. आणि 'मुलीच्या जातीला एवढी भूक कशाला' असं घरात कुणी म्हणालं, तर तेवढ्यापुरतं भांडा.

झोपेचं तुमच्याच हाती. ऐन लग्नसराईत रात्री बारापर्यंत वरातीत नाचलेलं पोरगं पहाटे पाचला उठतं खरं, पण अंगात काही उरलेलं नसतं.

शिबिरात प्रत्येकाकडं एक वही असते. किती पळालो, किती झोपलो, कुठं दुखलं, ते रोज लिहायचं. घरी आल्यावर 'कितवा नंबर आला' विचारण्याआधी ती मागून घ्या. त्या मोटारसायकलवाल्या वडिलांनी मागितली होती. एका रविवारच्या पानावर दोनच शब्द होते: 'सुट्टी. झोपलो.' त्यांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि प्रगतिपुस्तकावर करतात तशी खाली सही केली.