आधी लिव्हरला विचार

चि. सई,


तुझा मेसेज मिळाला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नव्हतं म्हणून लिहायला बसलो. सिंहगडावरून उतरताना पुढचा ब्रेक लागेना, दुकानात नेऊन पॅड बदलून आणि हवा काढून आणलीस, आठवडाभर ठीक चाललं आणि पुन्हा तेच रडगाणं. आता तू ब्रेकचा नवा सेटच घ्यायला निघाली आहेस. निदान या रविवारपर्यंत घेऊ नकोस. आणि तोवर ती सायकल घेऊन घाटात जायचं नाही. हे मामा म्हणून सांगतोय. पुढचं सगळं मेकॅनिक म्हणून.

एसटीच्या वर्कशॉपात माझी हयात गेली. तिथले ब्रेक हवेवर चालतात, तुझे तेलावर. पण तपासायची रीत एकच: पान्याला हात लावण्याआधी पेडल दाबून बघायचं. तुझ्याकडे पेडलच्या जागी लिव्हर आहे. सायकल उभी ठेव आणि एका बोटाने लिव्हर सावकाश आत ओढ. तो कुठे अडतो, कसा अडतो, याकडे नीट लक्ष दे. त्यावरून निम्मा बिघाड कळतो.

लिव्हर नरम लागला, स्पंजसारखा दबत गेला, भराभर चार-पाच वेळा दाबल्यावर जरा घट्ट झाला, तर आत हवा आहे. तेल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. तुझ्या बोटाचा जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो. शंका असेल तर सायकल पाच मिनिटं उलटी ठेवून पुन्हा दाबून बघ. आधीपेक्षा नरम झाला, तर लिव्हरजवळच्या टाकीतली हवा नळीत शिरली म्हणून समज. (पंक्चर काढायला तू सायकल उलटी करतेस. तिथून पुढे ब्रेक बिघडला असं अनेकांना वाटतं. हवा आधीपासून असते, फक्त जागा बदलते.) या दुखण्याला हवा काढणं हाच उपाय.

दुसरा प्रकार फसवा. लिव्हर जवळजवळ हँडलपर्यंत येतो, पण तिथे पोचल्यावर दगडासारखा घट्ट. इथे हवेचा काही संबंध नाही. पॅड झिजले असतील, नाहीतर पिस्टन नीट पुढे सरकत नसतील. पिस्टनभोवती रबराचं सील असतं. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सील थोडंसं पिळलं जातं. सोडला की ते पूर्ववत होताना पिस्टनला किंचित मागे ओढतं. पॅड झिजला की पिस्टन त्या सीलमधून जरासा घसरून पुढची नवी जागा धरतो, म्हणून या ब्रेकला वायरच्या ब्रेकसारखं वरचेवर आवळावं लागत नाही. पण पावसाळ्यातला लाल चिखल तिथे वाळून बसला की पिस्टन घसरत नाही, सील त्याला नको तितका मागे खेचतं. कधी एकच पिस्टन अडकतो, दुसरा एकटाच काम करतो आणि डिस्क एका बाजूला वाकते. हे ओळखायचं तर कॅलिपरच्या फटीत बघत लिव्हर दाब; दोन्ही पॅड सारखे हलायला हवेत. एक हलत नसेल तर चाक आणि पॅड काढ, लिव्हर हलकेच दाबून पिस्टन जरासेच बाहेर येऊ दे, कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पूस, ब्रेकमधलंच तेल थेंबभर लाव आणि टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने मागे ढकल. स्क्रूड्रायव्हर लावू नकोस. आणि लिव्हर जास्त दाबलास तर पिस्टन निखळून हातात येईल.

आता तुझी गोष्ट. मेसेजच्या शेवटी तू लिहिलंस, ‘लिव्हर एकदम कडक आहे पण गाडी थांबत नाही, वर किंचाळते.’ हे वाक्य तू दुकानात बोलली असतीस तर हवा काढायचे पैसे वाचले असते. लिव्हर कडक आहे म्हणजे बोटाचा जोर पॅडपर्यंत पोचतोय. पॅड डिस्कला धरत नाहीत, एवढाच अर्थ. त्यांना तेल लागलंय किंवा ते तापून वरून काचेसारखे गुळगुळीत झालेत. गुळगुळीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपरवर घासून चालतील. तेल लागलं असेल तर फेकून दे. तेल प्यायलेला पॅड म्हणजे तुपात भिजलेली वात. वरून कितीही पुसा, ती कोरडी होत नाही. गॅसवर भाजून तेल उडवणारे लोक आहेत. मला तो प्रकार पसंत नाही, पुढच्या ब्रेकसाठी तर मुळीच नाही.

पण नवे पॅड आठवड्यात बिघडले, म्हणजे तेल कुठूनतरी पुन्हा आलं. ते शोधल्याशिवाय तिसरी जोडी बसवू नकोस. मागचं चाक असतं तर मी चेनवरच्या स्प्रेला धरलं असतं, पण पुढच्या चाकापर्यंत तो सहसा पोचत नाही. सायकल टू-व्हीलर वॉशिंगला देतेस का? ते शेवटी चमकीसाठी स्प्रे मारतात, तो डिस्कवर बसला की संपलं. तसं नसेल तर हवा काढतानाचं तेल. हवा काढताना पॅड बाहेर काढून त्या जागी ठोकळा बसवायचा असतो. घाईत ते राहून जातं. पण तसं झालं असतं तर ब्रेक पहिल्या दिवसापासून रुसला असता. तुझा आठवडाभर चालला. म्हणून माझा संशय कॅलिपरच्या सीलवर आहे: तेल अगदी थोडं थोडं पाझरत असणार.

तपासायला एक रात्र लागेल. चाक काढ, पॅड काढ, कॅलिपर आतून-बाहेरून अल्कोहोलने पुसून कोरडा कर. पिस्टनांमध्ये ठोकळा घाल, त्याला टिश्यू पेपर गुंडाळ आणि जुन्या ट्यूबची पट्टी कापून लिव्हर हँडलला आवळून बांध. ठोकळ्याशिवाय लिव्हर दाबायचा नाही. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला तर सील गेलं. नळीच्या जोडाशी आणि हवा काढायच्या निपलच्या रबरी टोपीखालीही बघ. कधी टोपीखाली साठलेलं तेलच नंतर टपकतं आणि बिचाऱ्या सीलवर आळ येतो. सील गेलंच असेल तर तुझ्या शिमानोच्या कॅलिपरची सीलं सुटी मिळत नाहीत, कॅलिपर बदलावा लागतो. पण फक्त कॅलिपर. लिव्हर, डिस्क आणि मागचा ब्रेक यांचा काही गुन्हा नाही.

तेलाचं एक सांगून ठेवतो. तुझ्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिळतं ते डॉट तीन किंवा डॉट चार. ‘ब्रेक ऑइल सगळं सारखंच’ असं कुणी म्हणालं तर सायकल उचल आणि घरी ये. त्या तेलाने तुझ्या ब्रेकची सीलं फुगतील. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना उलट डॉटच लागतं, म्हणून कुणा मैत्रिणीची बाटलीही उसनी घेऊ नकोस.

नवे पॅड घालण्याआधी डिस्क अल्कोहोलने पूस आणि नंतर बोट लावू नकोस. जाडीही मोजून घे: शिमानोची नवी डिस्क 1.8 मिलिमीटर असते आणि 1.5 झाली की बाद. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर वेग घे आणि चालण्याच्या गतीपर्यंत आणून सोड. चाक लॉक होऊ न देता असं वीसेक वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो, तेव्हा कुठे ब्रेक धरायला लागतो. दुकानात एवढा वेळ कुणी देत नाही, ते तुलाच करायचंय.

आणि गड उतरताना लिव्हर सतत किंचित दाबून ठेवायची तुझी सवय आहे, मी मागून येताना पाहिली आहे. त्याने डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही आणि पॅड गुळगुळीत होतात. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लाव, वेग हवा तेवढा उतरला की पूर्ण सोड.

पॅड आणण्याआधी डिस्कच्या आतल्या कडेला काय कोरलंय ते वाच. ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं असेल तर धातूचे पॅड तिला चालणार नाहीत, लवकर खाऊन टाकतील. त्या अक्षरांचा आणि सकाळच्या टिश्यू पेपरचा फोटो पाठव. कॅलिपर घ्यावा लागला तर कुठला ते मी सांगतो.

तुझा,
आप्पामामा